भरीत पार्टीत कॅनडा निघाला तर

थंडी पडली की आमच्या यावल तालुक्यात संध्याकाळी शेताशेतांतून धूर निघायला लागतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असतात, कोणी लसूण सोलतंय, कोणी कांद्याची पात चिरतंय, आणि सुरत-पुण्याहून आलेले पाहुणे खाटेवर बसून गप्पा हाणतायत. पूर्वी या बैठकीला केळीचा भाव, बोंडअळी आणि सोयरिकी एवढे विषय पुरायचे. हल्ली वांगी सोलायच्या आत कोणीतरी कॅनडा काढतंच. मग इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. तिथल्या सरकारनं किती लोक येऊ द्यावेत, भारतीयांनाच का अडवतात, असं करत करत ‘आपल्याकडे मात्र कोणीही येऊन बसतं’ इथपर्यंत गाडी जाते. भरीत कढईत पडेपर्यंत दोन जण तरी एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात.

मी जळगावात एका बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर नोकरीतली शेवटची बरीच वर्षं काढली. परदेशी निघालेल्या पोरांच्या फायली माझ्याच हाताखालून गेल्या. भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे, नणंदेची मुलगी इंग्लंडात म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला आहे, आणि धाकटे दीर असे की मोबाइलवर बोटीचा एक व्हिडिओ आला की अख्ख्या युरोपचा निकाल लावून मोकळे. त्यामुळे हा वाद आमच्या घरात कायम शिजत असतो. पुढे लिहिलंय ती त्यात उतरायची रीत. वाद टाळायची रीत मी सांगणार नाही. टाळलेला वाद व्हॉट्सॲपवर जाऊन बसतो आणि तिथे तो आणखी नासतो.

भांडण कशावर आहे, ते पहिल्यांदा विचारा

स्थलांतर म्हटलं की चार वेगळी भांडणं एकाच पोत्यात भरलेली असतात. किती माणसं यावीत हे एक. कोणती यावीत, म्हणजे शिकलेली, कामगार, का कुटुंबातली, हे दुसरं. आलेल्याला काय मिळावं, बायको आणता यावी का, शिक्षण संपल्यावर किती दिवस थांबता यावं, हे तिसरं. आणि कागदाशिवाय आलेल्याचं काय करायचं, हे चौथं. एक माणूस पहिल्यावर बोलत असतो, दुसरा चौथ्यावर उत्तर देत असतो, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला अक्कल नाही.

इंग्लंडचंच घ्या, म्हणजे अख्ख्या ब्रिटनचं. तिथले राजकारणी कितीतरी वर्षं इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या रबरी बोटींवर भांडले. बोरिस जॉन्सनच्या सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की अशा लोकांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवू. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ती योजना बेकायदा ठरवली. सुनक सरकारनं कायदा करून पुन्हा जोर लावला, आणि जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे स्टार्मर आले तेव्हा त्यांनी ती गुंडाळून टाकली. या सगळ्या गदारोळात बोटींतून आलेली माणसं २०२४ साली साधारण ३७ हजार होती. त्याच काळात रीतसर व्हिसा घेऊन आलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट होती: विद्यार्थी आणि त्यांच्या बायका-पोरं, केअर होमचे कामगार, युद्धामुळे आलेले युक्रेनी, हाँगकाँगचे लोक. म्हणजे टीव्हीवर दिसायची बोट, आणि संख्या वाढत होती विमानतळावर.

म्हणून दीर म्हणाले, ‘इंग्लंड पार भरून गेलं वहिनी, बोटी भरभरून येतायत,’ की मी एवढंच विचारते, ‘भाऊजी, बोटीवाले म्हणता की व्हिसावाले?’ भांडणाचा निम्मा जोर त्या प्रश्नावरच उतरतो. कारण आपली पोरगी व्हिसावाली आहे हे त्यांना माहीत असतं, आणि बोटीवाल्यांबद्दल त्यांचा जो राग आहे त्यात काही मुद्देही आहेत, ते मग शांतपणे मांडता येतात. बोटी चालवणाऱ्या टोळ्या पैसे उकळून माणसं बुडवतात, हे त्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे.

आकडा हातात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळी फसगत इथेच होते.

बँकेत कोणी येऊन म्हणालं, ‘माझ्या खात्यात लाख रुपये आले,’ तर आम्ही विचारायचो की आले किती, गेले किती आणि शिल्लक किती. स्थलांतराच्या आकड्याला हेच तीन प्रश्न विचारायचे. वर्षभरात आत आलेले हा एक आकडा. त्यातून देश सोडून गेलेले वजा केले की निव्वळ स्थलांतर, हा दुसरा. आणि आधीपासून राहत असलेले सगळे मिळून किती, हा तिसरा. बातमीत यातला कोणताही एक येतो आणि कोणता ते मथळ्यात नसतं.

आता गंमत बघा. इंग्लंडचं जून २०२३ ला संपलेल्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर पहिल्यांदा नोव्हेंबर २०२३ मध्ये छापून आलं, ६ लाख ७२ हजार. मे २०२४ मध्ये त्याच वर्षाचा आकडा ७ लाख ४० हजार झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच वर्ष, आकडा ९ लाख ६ हजार. वर्ष एक, मोजणारं सरकारी कार्यालय एक, आकडे तीन. यात कोणी लबाडी केली नव्हती. पूर्वी ते विमानतळांवर आणि बंदरांवर काही प्रवाशांना विचारून अंदाज बांधायचे. कोविडमध्ये ती पाहणी थांबली, आणि आता व्हिसाच्या व इतर सरकारी नोंदींवरून हिशेब काढतात. माणूस खरंच वर्षभर राहिला का, हे वर्ष उलटल्यावरच कळतं, म्हणून जुना आकडा मागाहून हलतो. पण आपल्या बैठकीत एकानं २०२३ ची बातमी वाचलेली असते, दुसऱ्यानं २०२४ ची, आणि दोघंही खरे असून एकमेकांना खोटं ठरवतात. तेव्हा ‘आकडा किती’ च्या आधी ‘आकडा कधी छापलेला’ हे विचारा.

त्यानंतर तो आकडा पडत गेला. जून २०२५ ला संपलेल्या वर्षाचा २ लाख ४ हजार जाहीर झाला. विद्यार्थ्यांना बायको-पोरं आणायला जानेवारी २०२४ पासून बंदी (संशोधन करणारे सोडून), केअर कामगारांना मार्च २०२४ पासून तीच बंदी, कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची अट वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर, हे सगळं त्यामागे आहे. एवढा आकडा पडूनही तिथलं भांडण मात्र शमलं नाही, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे बोटीच होत्या. यावरून आपण काय घ्यायचं? माणसाचा राग आकड्यावर असेल तर आकडा दाखवून तो कमी होतो. राग दुसऱ्याच कशावर असेल तर आकड्यांची कितीही भेंडोळी टाका, उपयोग नाही. मग त्यालाच विचारावं लागतं की बाबा, खुपतंय काय.

कॅनडाच्या आकड्यात आणखी एक खाच आहे, कायमचे आणि तात्पुरते. तिथलं सरकार दरवर्षी लक्ष्य जाहीर करायचं ते फक्त कायमचं राहायला येणाऱ्यांचं. २०२३ च्या शेवटी जाहीर झालेल्या योजनेत २०२५ साठी ५ लाख होते. विद्यार्थी, तात्पुरते कामगार यांच्यावर असं लक्ष्यच नव्हतं. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास वाढली. त्यात कायमचे आलेले पावणेपाच लाखांच्या घरात होते, आणि तात्पुरत्यांची भर आठ लाखांची. चार कोटींच्या देशात. संसदेत भांडण लहान आकड्यावर चाललं होतं आणि मोठ्या आकड्याला कोणी राखणदारच नव्हता. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या सरकारनं कायमच्यांचा आकडा २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आणला, पुढच्या दोन वर्षांत तो आणखी उतरवायचं ठरवलं, आणि तात्पुरत्यांनाही पहिल्यांदा लक्ष्य लावलं.

मोजणी म्हणजे काय चीज आहे हे बैठकीला पटवायचं असेल तर एक सोपा मार्ग सांगते. आपल्या २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून मोजलेले आहेत. हे ऐकून सगळे दचकतात. मग सांगायचं की त्यातला सगळ्यात मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे. म्हणजे भरीताभोवती बसलेल्या आम्ही झाडून सगळ्या सुना स्थलांतरित. साक्रीकडून यावलला आलेली मी तर पक्की.

पैसा कोणाच्या खिशात गेला, तो माग काढा

‘त्यांनी आपल्या पोरांना बोलावलं आणि मग हाकललं,’ हे वाक्य दर पार्टीत निघतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्या टेबलावर होतं.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि पुढे ती गोठवून ठेवली. कॉलेजांचा खर्च काही गोठला नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी स्थानिकाच्या कितीतरी पट असते, तिला असा लगाम नव्हता. मग कॉलेजांनी भारताकडे तोंड वळवलं. २०२३ संपताना कॅनडात अभ्यासाचा परवाना असलेले दहा लाखांवर होते, आणि त्यात सर्वांत जास्त आपली पोरं. म्हणजे तिथल्या सरकारला मतदारांची फी कमी केल्याचं श्रेय मिळालं, कॉलेज चाललं, एजंटाला कमिशन मिळालं, तळघरातली खोली भाड्यानं देणाऱ्याला भाडं मिळालं, आणि या सगळ्याचं बिल आलं रावेर, पारोळा, शिरपूरच्या बापाकडे. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बहुधा तारण लागायचं. लोक सातबारा घेऊन यायचे. शेतजमीन तारण चालत नाही, घर किंवा बिनशेती प्लॉट असेल तर आणा, म्हटलं की समोरचा माणूस बायकोकडे बघायचा. जानेवारी २०२४ पासून राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार कॅनडियन डॉलरवरून थेट २०,६३५ वर गेली, तेव्हा तयार झालेल्या फायली पुन्हा उघडाव्या लागल्या. त्याच महिन्यात तिथल्या मंत्र्यांनी परवान्यांवर मर्यादा लावली, आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी.

दुसऱ्या बाजूचंही ऐका, नाहीतर तुम्ही वाद घालत नसून गाऱ्हाणं सांगताय. तिथल्या पगारदार माणसाला घरभाडं परवडेनासं झालं. एका घरात दाटीवाटीनं पोरं राहायला लागली. घरं वर्षाला जितकी बांधून होतात त्यापेक्षा माणसं जास्त येत असतील तर भाडं चढणारच, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. जळगावात कॉलेजच्या आसपास खोल्यांची भाडी जूनमध्ये कशी चढतात ते आपण बघतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रूडोंनी स्वतःच कबूल केलं की सरकारला हे लवकर आवरता आलं असतं, आणि काही बनावट कॉलेजांनी या पद्धतीचा गैरफायदा घेतला. मर्यादा आल्यावर ऑन्टारिओतल्या कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद केले, माणसं कमी केली. म्हणजे त्यांचंही नुकसान झालं.

तेव्हा ‘कॅनडानं फसवलं’ असं कोणी म्हटलं की विचारायचं: कॅनडानं म्हणजे कोणी? सरकारनं, कॉलेजनं, का आपल्याच स्टँडजवळच्या एजंटानं? तिसऱ्याचं नाव बैठकीत सहसा कोणी घेत नाही, कारण तो बहुतेक वेळा कोणाचा तरी साडू असतो.

पक्षाचं नाव ऐकून बाजू ठरवू नका

डावे म्हणजे येऊ देणारे आणि उजवे म्हणजे अडवणारे, असा एक ठोकताळा आपल्या टीव्हीनं पसरवलाय. तो कामाचा नाही. इंग्लंडात डेव्हिड कॅमरून यांनी २०१० मध्ये निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणू म्हणून सांगितलं, आणि त्यांच्याच हुजूर पक्षाच्या चौदा वर्षांच्या सत्तेत तो विक्रमी ९ लाखांचा आकडा झाला. डेन्मार्कमध्ये सोशल डेमोक्रॅट म्हणजे डावीकडच्या, २०१९ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेटे फ्रेडरिक्सन यांचं धोरण युरोपातल्या कडक धोरणांत मोडतं. अमेरिकेत बर्नी सँडर्ससारखा डावा नेता २०१५ मध्येच म्हणाला होता की सरहद्दी सताड उघडणं ही उजव्या धनिकांची कल्पना आहे, त्यानं इथल्या कामगाराची मजुरी पडेल. आणि डिसेंबर २०२४ मध्ये एच-१बी व्हिसावरून, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावरून, ट्रम्प यांच्याच गोटात जुंपली: इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी हे उद्योगपती एका बाजूला, ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला. कारखानदाराला माणूस हवा असतो, मतदाराला नको असतो, आणि दोघं एकाच पक्षात असतात.

ऑस्ट्रेलियाचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. सरकारनं परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा घालायचं विधेयक आणलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते उजव्या आघाडीनं आणि हिरव्या पक्षानं मिळून अडवलं. उजव्यांच्या मते त्यानं मूळ प्रश्न सुटत नव्हता, हिरव्यांच्या मते मर्यादा घालणंच चूक होतं. मत एका पेटीत, कारणं विरुद्ध दिशांची. आपल्या बाजार समितीच्या निवडणुकीत हे नवीन नाही, पण लोकांना परदेशात असं होतं हे सांगितलं की बरं वाटतं.

माप एकच ठेवा, पण कायदा वेगळा आहे हे विसरू नका

हा सगळ्यात अवघड टप्पा. माझ्या माहेरचे आप्पा एकदा पार्टीला आले होते. दोन तास सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, ‘आपला पोऱ्या तठे गया ते चालस, दुसराना पोऱ्या आठे उना ते चालस नही!’ सगळे हसले, पण वर्मी बसलं.

खान्देशातल्या माणसानं तरी हे बोलताना जरा जपावं. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरा, अर्धा वेळ आपण धुळ्यात आहोत असं वाटतं. तापी खोऱ्याच्या रेल्वेनं आपली माणसं पिढ्यानपिढ्या तिकडे गेली, मिलमध्ये लागली, घरं बांधली. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, २०२४ पासून केंद्रात जलशक्ती मंत्री आहेत. साक्री-नवापूरकडचे आदिवासी दरवर्षी कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरांची शाळा अर्ध्यावर टाकून. आणि उलट्या बाजूनं जळगावच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर मान खाली घालून दागिने घडवत बसलेले असतात. आपल्या घरातलं मंगळसूत्र बहुधा त्यांच्याच हातचं असतं.

म्हणून मी एक कसोटी लावते. जो नियम तुम्ही जळगावात आलेल्याला लावाल, तोच सुरतेतल्या आपल्या मामेभावाला लावून बघा, आणि मग ब्रॅम्प्टनच्या भाच्याला. तिन्हीकडे टिकला तर बोला.

मात्र याचा अतिरेक करणारेही असतात. ‘मग कॅनडाला काय अधिकार अडवायचा?’ असं विचारणारा हमखास भेटतो, बहुधा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. त्याला सांगायचं की सुरतेला जाणं आणि टोरंटोला जाणं कायद्यानं एक नाही. देशात कुठेही फिरायचा आणि राहायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला दिलाय. तो हक्क बिहारच्या मजुरालाही आहे आणि बंगाली कारागिरालाही. तो बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी ठरत नाही, पश्चिम बंगाल आपल्याच देशात आहे. परक्या देशात जायचा असा हक्क कोणालाच नाही. तिथे कोणाला घ्यायचं ते तिथले मतदार ठरवतात, जसं इथे आपण ठरवतो. आसाममध्ये याच प्रश्नावर सहा वर्षं आंदोलन झालं, १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली, आणि अजूनही तो वाद मिटलेला नाही. दुसऱ्या देशानं असा वाद घातला की आपण नाक मुरडायचं कारण नाही.

बातमी ताजी असेल तर एक रात्र जाऊ द्या

२०२५ चा पितृपक्ष संपत आला होता. १९ सप्टेंबरला अमेरिकेतून बातमी आली की एच-१बी व्हिसाला एक लाख डॉलर लागणार. तिथल्या व्यापार मंत्र्यांनी सांगितलं की दरवर्षी भरावे लागतील. सुट्टीला आलेली पोरं विमानाची तिकिटं शोधायला लागली, कंपन्यांनी ताबडतोब परत या म्हणून निरोप धाडले, आयांचा जीव टांगणीला. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसनं खुलासा केला की रक्कम एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तोवर आमच्या नात्यात एका घरी ‘तुझ्या मोदींनी काय केलं’ आणि ‘तुझ्या ट्रम्पनं काय केलं’ यावरून बोलाचाली होऊन गेली होती, आणि त्या घरात अमेरिकेत कोणीही नाही.

पहिल्या रात्री फक्त एवढंच बघा: निर्णय झालाय की घोषणा, कधीपासून लागू, आणि आधीपासून असलेल्यांना लागू आहे की नव्यांना. या तिघांची उत्तरं मिळेपर्यंत मत देऊ नका. उत्तरं त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर असतात. आपल्या गटातल्या फॉरवर्डमध्ये नसतात.

समोर कोण बसलंय ते बघून बोला

ज्याच्या पोराचा परवाना येत्या काही महिन्यांत संपतोय, त्या बापासमोर ‘किती यावेत’ हा विषय काढू नये. त्याला धोरण नकोय, तारीख हवीय. त्याला बाजूला घेऊन विचारा: पोरानं अर्ज टाकलाय का, वकील परवानाधारक आहे की गावातलाच ‘जाणकार’, आणि बँकेचा हप्ता कधी सुरू होतो. हप्ता जड जाणार असेल तर मुदत वाढवून मागायला तो सुरू होण्याआधी बँकेत जा, थकल्यावर नको. एवढं त्याला पुरतं. पोरगं परत आलंच तर ‘काय मग, आलास का’ असं म्हणून हसू नका. मी हे झालेलं बघितलंय, आणि तो मुलगा त्यानंतर दोन लग्नांना आला नाही.

आवाज चढला तर माझा उपाय साधा आहे. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याला भरीत ठेचायला बसवायचं. हात गुंतले की तोंड आपोआप मंदावतं, आणि काम चांगलं केलं तर कौतुकही होतं. बायकांना चुलीजवळ ठेवून पुरुषांनीच खाटेवर वाद घालायचा, ही पद्धत असेल तर ती मोडा. आमच्याकडे इंग्लंडच्या केअर व्हिसाची खरी माहिती फक्त नणंदेला होती, आणि ती बिचारी पुऱ्या तळत होती. जुलै २०२५ पासून तिथल्या सरकारनं परदेशातून नवे केअर कामगार घेणं बंद केलं, हे तिनं कढईवरून सांगितलं तेव्हा खाटेवरचे सगळे गप्प झाले.

आणि तुमचं मत?

शेवटी कोणीतरी विचारतंच, ‘वहिनी, सगळ्यांना प्रश्न विचारता, तुमचं काय ते सांगा.’ तेव्हा गोल गोल बोलू नये. माझं मत असं. किती माणसं घ्यायची हे ठरवायचा सरकारला अधिकार आहे, आणि कॅनडानं मर्यादा घातली ती उशिरा घातली. परदेशी पोरांच्या फीवर स्वतःची कॉलेजं चालवायची आणि मग घरं महागली म्हणून त्याच पोरांकडे बोट दाखवायचं, हे मात्र मला पटत नाही. आणि ज्यानं जुन्या नियमावर पैसे भरले, त्याला अभ्यासक्रम संपेपर्यंत जुनाच नियम लावावा. नवा नियम नव्या अर्जाला.

भाऊजींना यातलं शेवटचं अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं, सरकार बदललं तरी नियम जुनेच राहणार असतील तर लोकांनी मत कशाला द्यायचं? शिवाय त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या बँकेनं चालू कर्जाचा व्याजदर मधेच कधी वाढवला नव्हता का वहिनी?’ वाढवला होता. करारात तसं लिहिलेलं असतं, असं मी म्हटलं. ‘व्हिसाच्या कागदावरही लिहिलेलं असेल,’ ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं.